गीझरचा सॉकेट पुन्हा पुन्हा जळतो? व्होल्टेज आणि करंट मोजा, दोष सापडेल

गीझरचा १६ अँपिअरचा सॉकेट आधी पिवळट होतो. मग तीनपैकी एका भोकाभोवती तपकिरी वर्तुळ उमटतं, प्लगटॉपची एक पिन काळी पडते आणि बाथरूमच्या दाराशी जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागतो. वायरमन येतो, सॉकेट बदलतो, जातो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा तेच. एवढं होऊनही एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) एकदाही पडलेला नसतो, म्हणून घरचे म्हणतात, ‘गीझर जास्त लोड घेतोय.’ बहुतेक वेळा गीझर लोड जास्त घेत नसतो, उलट थोडा कमीच घेत असतो.

ठाणे आणि नवी मुंबईत ही तक्रार नेहमीची आहे. खाडीकाठची दमट हवा सॉकेटमधल्या, पिना धरणाऱ्या पितळेच्या पट्ट्यांना मानवत नाही. त्यात सिडकोच्या जुन्या घरांत आणि नौपाडा, वर्तकनगरकडच्या जुन्या इमारतींत मूळ वायरिंग एका काळातलं आणि गीझर, वॉशिंग मशिन, एसी दुसऱ्या काळातले. पण हवा आणि वय ही निमित्तं. सॉकेट पुन्हा जळतो तो मागच्या वेळी दोष शोधलाच गेला नाही म्हणून. आणि हा दोष डोळ्यांनी किंवा टेस्टरने सापडत नाही. टेस्टर लूज कनेक्शनवरही छान पेटतो.

आधी गीझरचा स्वतःचा हिशेब

गीझरच्या पाटीवर २००० वॉट, २३० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. त्यावरून दोन आकडे काढून ठेवा.

करंट = वॉट ÷ व्होल्ट = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर
रोध (रेझिस्टन्स) = व्होल्ट ÷ करंट = २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४५ ओहम

रोध थेट काढायचा तर व्होल्टचा वर्ग भागिले वॉट: २३० × २३० ÷ २००० = २६.४५. इन्स्टंट गीझर बहुधा ३००० वॉटचा असतो. त्याचा करंट १३ अँपिअर, रोध १७.६ ओहम. पाटीवर २४० व्होल्ट असेल तर हिशेबातही २४० घ्यायचे.

इथे एक चूक सर्रास होते. घरात व्होल्टेज २१५ आहे असं दिसलं की लोक २००० ला २१५ ने भागतात आणि म्हणतात, ‘व्होल्टेज कमी म्हणून करंट ९.३ झाला, म्हणून सॉकेट जळला.’ हे उलटं आहे. एलिमेंटचा रोध जवळजवळ पक्का असतो, वॉट पक्के नसतात. २१५ व्होल्टला करंट २१५ ÷ २६.४५ = ८.१३ अँपिअर आणि पॉवर २१५ × ८.१३ = १७४८ वॉट. व्होल्टेज उतरलं की गीझर कमी ओढतो आणि पाणी तापायला जास्त वेळ लावतो, एवढंच. इन्व्हर्टर एसीचं मात्र नेमकं उलट असतं. त्याला ठरलेले वॉट हवे असतात, म्हणून १६०० वॉट घेणारा एसी २३० व्होल्टला ७ अँपिअर ओढत असेल तर २०० व्होल्टला ८ ओढतो. गीझरचं गणित एसीला आणि एसीचं गीझरला लावू नका.

एलिमेंट तपासायला लाइन चालू असण्याची गरज नाही. प्लग काढा, गीझरचा स्वतःचा स्विच असेल तर तो ऑन ठेवा, पाणी थंड असू द्या म्हणजे थर्मोस्टॅट जोडलेला असेल. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून प्रोबचा स्वतःचा रोध बघा (०.२ ते ०.५ ओहम येतो, तो वजा करायचा) आणि मग प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये मोजा. २००० वॉटच्या एलिमेंटला साधारण २५ ते २९ ओहम आले तर एलिमेंट ठीक आहे. पाटीवरच्या वॉटमध्ये ५ टक्के वर, १० टक्के खाली एवढी सूट धरलेली असते, त्यातून ही रेंज येते. काहीच आकडा आला नाही तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट उघडा आहे, नाहीतर कॉइल तुटली आहे. तो वेगळा आजार, त्याने सॉकेट जळत नाही.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत एलिमेंटवर क्षाराचा जाड थर बसतो. त्याने एलिमेंट आतून जास्त तापून लवकर जातं, पण करंट वाढत नाही. क्षार आणि सॉकेट या दोन तक्रारी एकत्र करू नका.

एमसीबी का पडत नाही

एमसीबी मोजतो करंट. लूज जोड म्हणजे एलिमेंटच्या पुढे ओळीत बसलेला आणखी एक छोटा रोध. समजा तो ०.४३ ओहम आहे. एकूण रोध २६.४५ वरून २६.८८ झाला, म्हणजे करंट किंचित घटला. १६ अँपिअरच्या एमसीबीला साडेआठ अँपिअर दिसतात, तो का पडेल? आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. जोड लूज असला तरी गेलेला करंट परत येतोच, म्हणून तोही गप्प. घरातलं एकही संरक्षण या दोषासाठी बनलेलं नाही. ‘एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक’ हा समज घातक आहे तो यासाठी.

आता त्या ०.४३ ओहममधली उष्णता काढा. करंटचा वर्ग गुणिले रोध: ८.५ × ८.५ × ०.४३ = ३१ वॉट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. त्याहून जास्त उष्णता सॉकेटच्या आत, नखाएवढ्या पितळी पट्टीत, चारी बाजूंनी प्लॅस्टिकने कोंडलेली. बिलात ती दिसणारही नाही: रोज २० मिनिटं गीझर चालला तर महिन्याला युनिटचा तिसरा हिस्सा. पण सॉकेट वितळायला ती पुरेशी आहे. आणि हे वाढतच जातं. पट्टी तापली की तिचा स्प्रिंगसारखा दाब कमी होतो, पृष्ठभागावर ऑक्साइड बसतं, रोध वाढतो. करंट मात्र एलिमेंटच ठरवत असल्यामुळे तेवढाच राहतो, म्हणून उष्णता रोधाच्या प्रमाणात वाढत जाते.

जोड ओहमच्या रेंजवर का सापडत नाही

प्लग काढून ओहम मोजले तर ज्या ठिकाणी दोष आहे तो स्पर्शच तुम्ही तोडलेला असतो. प्लग न काढता मोजले तरी २६.४५ आणि २६.८८ मधला फरक साध्या मीटरच्या चुकीत बुडतो. शिवाय मीटर रोध मोजायला अगदी बारीक, मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतो. साडेआठ अँपिअरला धगधगणारा जोड तेवढ्या करंटला निरोगी दिसतो. म्हणून रोध मीटरवर वाचायचा नाही, काढायचा. लोड चालू ठेवून जोडाच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचं आणि त्याला करंटने भागायचं.

मोजमाप

इथून पुढचं काम चालू लाइनवर, बोर्ड उघडून करायचं आहे. ते परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, आणि त्याला नेमकं काय मोजायचं ते सांगण्यासाठी हे वाचा. मीटर ६०० व्होल्ट, कॅट थ्री दर्जाचा हवा. बाथरूमच्या ओल्या लादीवर उभं राहून, अनवाणी हे करायचं नाही. प्रोबचं उघडं टोक जास्त लांब असेल तर टेप गुंडाळून २-३ मिलिमीटरच मोकळं ठेवा, नाहीतर अरुंद बोर्डात फेज आणि शेजारचा स्क्रू एकत्र टेकतो.

करंटसाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट वाचणारा मीटर. क्लॅम्पमध्ये एकच वायर यायला हवी. पूर्ण केबल घातली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. गीझर बंद आहे असा निष्कर्ष काढून मोकळे होणारे कमी नाहीत. सगळ्यात सोपी जागा म्हणजे डीबीमधली (एमसीबी बसवलेल्या बोर्डातली) गीझरच्या एमसीबीतून निघणारी फेज वायर. नाहीतर हातभर अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) तीन कोअर केबलची १६ अँपिअरची एक्स्टेन्शन करून तिचं बाहेरचं काळं आवरण वीतभर सोलून ठेवतात, आतल्या वायरींचं इन्सुलेशन शाबूत ठेवून, म्हणजे एका कोअरला क्लॅम्प लागतो. फक्त करंट वाचायला ही ठीक. जोड तपासताना मात्र ती काढून टाका, कारण तिचे स्वतःचे दोन जोड मध्ये येतात.

गीझर थंड पाण्यावर चालू करा आणि दहा मिनिटं थांबा. वाईट जोड गरम झाल्यावरच खरा रंग दाखवतो. मग भराभर चार व्होल्टेज घ्या: तीन ठिकाणी गीझर चालू असताना, एकाच करंटला, आणि डीबीत एकदा गीझर बंद करून. हे एक नमुन्याचं कोष्टक धरा. फ्लॅटमध्ये डीबी ते गीझर पॉइंट १२ मीटर, अडीच एमएमची तांब्याची वायर, गीझर २००० वॉट:

डीबीत, गीझर बंद: २३२.० व्होल्ट
डीबीत, गीझर चालू: २३०.६
सॉकेटच्या मागच्या टर्मिनलवर, गीझर चालू: २२८.९
गीझरच्या आतल्या टर्मिनल ब्लॉकवर, गीझर चालू: २२४.९
करंट: ८.५ अँपिअर

आधी एलिमेंट तपासून घ्या: २२४.९ ÷ ८.५ = २६.४६ ओहम. पाटीशी जुळतं. पॉवर २२४.९ × ८.५ = १९१२ वॉट. गीझर निर्दोष.

डीबीत गीझर लागल्यावर १.४ व्होल्ट पडले, म्हणजे ०.१६ ओहम. हा रोध तुमच्या डीबीपासून सोसायटीच्या रायझर केबलमार्गे (मजल्यांवर चढणाऱ्या मुख्य केबलमार्गे) ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा. इतका ठीक. इथे एकट्या गीझरला ६-७ व्होल्ट पडत असतील, घरातले सगळे दिवे गीझर लागताच मंद होत असतील, तर सॉकेट सोडा आणि मेन स्विच व मीटर रूममधले जोड बघायला सांगा. थ्री फेज कनेक्शन असेल आणि एका खोलीतले दिवे मंद तर दुसरीतले नेहमीपेक्षा प्रखर होत असतील तर न्यूट्रल सुटतंय. तेव्हा मोजत बसू नका. मेन बंद करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा, नाहीतर टीव्ही-फ्रिज जातील.

डीबी ते सॉकेट: २३०.६ वजा २२८.९ = १.७ व्होल्ट. १.७ ÷ ८.५ = ०.२ ओहम. हा आकडा चांगला की वाईट हे ठरवायला वायरचा स्वतःचा रोध माहीत हवा. तांब्याची वायर, दर मीटरला, २० अंशाला: दीड एमएम ०.०१२१ ओहम, अडीच एमएम ०.००७४ ओहम, चार एमएम सुमारे ०.००५ ओहम. जाऊन-येऊन लांबी दुप्पट धरायची, हे विसरलं की सगळा हिशेब निम्म्यावर येतो. २४ × ०.००७४ = ०.१७८ ओहम. उरले ०.०२२ ओहम, ते एमसीबी, स्विच आणि स्क्रूंमध्ये विभागलेले. काही हरकत नाही. याच जागी ०.३ ओहम आले असते तर दोन शक्यता: भिंतीत अडीचऐवजी दीड एमएमची वायर आहे (२४ × ०.०१२१ = ०.२९), किंवा मधल्या जंक्शन बॉक्समध्ये पिळून टेप मारलेला जोड आहे. दोन्ही प्रकार आपल्याकडे भरपूर.

सॉकेट ते गीझर: २२८.९ वजा २२४.९ = ४.० व्होल्ट. डीबीपासूनच्या बारा मीटर वायरिंगमध्ये पावणेदोन व्होल्ट पडतात आणि या दीड मीटर कॉर्डमध्ये चार? कॉर्ड दीड एमएमची, जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणजे ०.०३६ ओहम, तिचे ०.३१ व्होल्ट. बाकी ३.७ व्होल्ट प्लग आणि सॉकेटच्या स्पर्शात. ३.७ ÷ ८.५ = ०.४३ ओहम. ३.७ × ८.५ = ३१ वॉट. सापडला.

वायरिंगमध्येही १.७ × ८.५ = १४ वॉट जातातच. पण ते २४ मीटरवर पसरलेले असतात, वायर कोमटही होत नाही. म्हणून नुसते वॉट बघायचे नाहीत, ते किती जागेत आहेत ते बघायचं.

आता फेज की न्यूट्रल? एक प्रोब सॉकेटच्या मागच्या न्यूट्रल टर्मिनलवर, दुसरा लांब वायर जोडून गीझरच्या आतल्या न्यूट्रल टर्मिनलवर. मीटर सुरुवातीला ६०० व्होल्टच्या रेंजवरच ठेवा. नंतर खाली आणा. मधली वायर तुटलेली असेल किंवा प्रोब चुकून फेजला लागला तर पूर्ण २३० व्होल्ट समोर येतात. नमुन्यातल्या घरात न्यूट्रलवर ३.७५ व्होल्ट आले, फेजवर ०.२५. कॉर्डच्या एका कोअरचे ०.१५ वजा केले तर फेजच्या पिनवर ०.१ व्होल्ट, एक वॉटही नाही. न्यूट्रलच्या पिनवर ३.६ व्होल्ट, ३० वॉट. काळी पडलेली पिन तीच.

स्विचही याच पद्धतीने: चालू स्थितीत त्याच्या दोन टर्मिनलमध्ये मोजा. चांगल्या स्विचवर काही दहा मिलिव्होल्ट पडतात. अर्धा व्होल्ट आला तर ८.५ अँपिअरला ४ वॉट होतात, आणि लहानशा स्विचला ते झेपत नाहीत. मोजताना कोणी स्विच बंद केला तर त्याच दोन टर्मिनलमध्ये पूर्ण लाइन व्होल्टेज येतं, हे लक्षात असू द्या.

बोर्ड न उघडता ताळा करायचा असेल तर विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. शेजारी दर युनिटला किती पल्स ते लिहिलेलं असतं, ३२०० वगैरे. बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवा, २० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. वॉट = लुकलुकी × ३६,००,००० ÷ (सेकंद × पल्सचा आकडा). ११.५ सेकंद लागले तर २० × ३६,००,००० ÷ (११.५ × ३२००) = १९५७ वॉट. डीबीतलं गणित २३०.६ × ८.५ = १९६०. जुळलं. एलिमेंटमध्ये १९१२ पोचतात, मधले ४८ वायरिंग, कॉर्ड आणि त्या पिनने खाल्ले. मीटर ‘जोरात पळतो’ अशी शंका असलेल्यांनीही ही २० लुकलुकी एकदा मोजावीत.

दुरुस्ती, आणि ती का टिकत नाही

नुसता सॉकेट बदलून भागत नाही, याचं पहिलं कारण जुना प्लगटॉप. काळी पडलेली, खड्डे पडलेली पिन नव्या सॉकेटमध्ये घातली की नव्या पट्टीलाही पहिल्या आठवड्यापासून पुरेसा स्पर्श मिळत नाही. पॉलिश पेपरने घासून पिन चकचकीत दिसते, पण खड्डे जात नाहीत आणि वरचा मुलामा निघून जातो. सॉकेट आणि प्लगटॉप जोडीनेच बदला. गीझरबरोबर आलेला प्लग कॉर्डसकट मोल्ड केलेला असेल तर कॉर्ड कापून चांगला १६ अँपिअरचा प्लगटॉप लावा, किंवा पूर्ण कॉर्ड बदला.

दुसरं कारण वायरचं टोक. जळालेल्या टर्मिनलमधली वायर काळी, ठिसूळ झालेली असते, इन्सुलेशन कडक. तेच टोक पुन्हा खोचलं की दोष नव्या सॉकेटमध्ये पोचला. तांबं लख्ख दिसेपर्यंत, निदान ४-५ सेंटीमीटर, कापून टाका. बोर्डात तेवढी वायर उरत नसेल तर ओढाताण करून कशीबशी पोचवू नका. बोर्डातच योग्य मापाचा कनेक्टर लावून तुकडा जोडा, पिळून टेप नको. सोलायचं ८ ते १० मिलिमीटर. स्क्रूखाली इन्सुलेशन गेलं तर वरून घट्ट वाटतं आणि आत तांब्याला स्पर्शच नसतो. हा प्रकार जेवढा वाटतो त्याहून बराच जास्त आढळतो. मल्टिस्ट्रँड वायरला अडीच एमएमचं फेरूल (टोकावर चढवायची धातूची नळी) दाबून बसवा. फेरूल नसेल तर तारा नीट पिळून टोक दुमडून दुहेरी करा. टोकाला सोल्डर मात्र मारू नका. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपतं आणि काही महिन्यांत जोड ढिला होतो. सोलताना चारपाच तारा तुटल्या तर ते टोक कापून पुन्हा सोला.

तिसरं, माल. ६ आणि १६ अँपिअर दोन्ही प्लग घेणारा सॉकेट वाईटच असतो असं नाही, पण स्वस्तातल्यांची पट्टी दोन्ही मापांच्या पिनांना धरताना कोणालाच नीट धरत नाही. प्लग घालताना जोर लागला पाहिजे आणि काढतानाही. सहज निघून आला तर तो सॉकेट इस्त्रीलाही नको. गीझरसाठी तीन पिनचा मल्टिप्लग, कन्व्हर्टर, स्पाइक बस्टर यांपैकी काहीही मध्ये नको.

३००० वॉटचा गीझर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: प्लग-सॉकेट काढूनच टाका. १३ अँपिअरला त्याच ०.४३ ओहमच्या जोडात ७३ वॉट होतात, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्याऐवजी ३२ अँपिअरचा डीपी स्विच बाथरूमबाहेर बसवा आणि चार एमएमची वायर थेट गीझरच्या टर्मिनलला न्या. डीपी स्विच फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो आणि घसरत्या पिनांचा स्पर्शच उरत नाही. अर्थची वायर मात्र अखंड, स्विचला वळसा घालून थेट गीझरच्या बॉडीपर्यंत.

जुन्या इमारतीत बोर्ड उघडल्यावर पांढरट, मऊ तार दिसली तर ती ॲल्युमिनिअमची. ती स्क्रूखाली दाबली की पसरत जाते, तिच्यावर लगेच रोधक ऑक्साइड बसतं आणि दमट हवेत पितळेशी जोडलेली असेल तर गंजते. तिथे स्क्रू घट्ट करणं म्हणजे काही महिन्यांची सोय. गीझर, एसी आणि वॉशिंग मशिन यांच्या तीन लाइन तरी डीबीपासून तांब्याने नव्या ओढून घ्या.

सॉकेट ठीक आहे, पण एमसीबी पडतोय

हा वेगळा मामला. गीझर लावून पंधरा-वीस मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने एमसीबी पडत असेल तर त्याच लाइनवर आणखी काय आहे ते बघा. ३००० वॉटचा गीझर १३ अँपिअर, गरम पाण्याचं वॉशिंग मशिन २००० वॉट म्हणजे ८.७, मिळून २१.७. हे १६ अँपिअरच्या १.३६ पट. एमसीबीने १.१३ पटीला तासभर पडायचं नसतं आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडायचंच असतं. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल ते डीबी किती तापलाय त्यावर. म्हणून तो मनमानी वाटतो. उपाय लाइन वेगळी करणं. १६ काढून २५ चा एमसीबी बसवणं हा उपाय नाही, त्याने अडीच एमएमच्या वायरचं संरक्षण जातं.

एमसीबी नाही, आरसीसीबी पडत असेल तर एलिमेंटची गळती बघा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरमध्ये पडतो. २३० ÷ ०.०१५ = सुमारे १५,३०० ओहम. पिन आणि बॉडी यांच्यातला रोध याच्या आसपास उतरला की तो पडू शकतो. साधा मल्टिमीटर इथे फसवू शकतो, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासून घ्या.

एक सावधगिरी. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे सरळ गणित गीझर, इस्त्री, हीटिंग रॉड यांनाच लागू पडतं. फ्रिजवर क्लॅम्पने ०.९ अँपिअर दिसले तर २३० × ०.९ = २०७ हे वॉट नव्हेत, व्हीए (नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार) आहेत. पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खऱ्या वॉटचा हिस्सा) ०.६ असेल तर वॉट १२४. मोटारच्या व्होल्ट-अँपिअरच्या भागाकारातून वाइंडिंगचा रोधही मिळत नाही. साध्या बल्बचंही सरळ नाही. ६० वॉटच्या बल्बचा चालू असतानाचा रोध ८८२ ओहम येतो, पण थंड बल्ब मीटरवर मोजला तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. बल्ब खराब नाही, टंगस्टन तापल्यावर रोध वाढतो. इंडक्शन शेगडी, एलईडी, इन्व्हर्टर एसी यांचा करंट बघायचा असेल तर क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएसचा (वेड्यावाकड्या लहरीचाही खरा करंट दाखवणारा) घ्या, साधा मीटर त्यांच्यावर चुकीचा आकडा देतो.

दुरुस्तीनंतर तीच चार व्होल्टेज पुन्हा घ्यायची. सॉकेट ते गीझर चारवरून अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे: कॉर्डचे ०.३ आणि दोन पिनांचे मिळून ०.१-०.२. वीस मिनिटं गीझर चालवून झाल्यावर प्लगच्या प्लॅस्टिकवर बोट ठेवा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर तो ६० अंशांच्या आसपास आहे आणि वायरचं पीव्हीसी ७० अंशांसाठीच असतं. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर तो प्लॅस्टिकवर रोखा, चकचकीत पिनवर तो खोटं तापमान दाखवतो. महिन्याभराने, मेन बंद करून, सॉकेट आणि प्लगटॉपचे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. नवं तांबं दाबाखाली थोडं बसतं आणि पाव फेरा हमखास मिळतो. बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, करंट आणि सॉकेट-गीझरमधले व्होल्ट लिहून ठेवा. पुढचा वायरमन आला की त्याने फक्त तोच आकडा पुन्हा घ्यायचा, आणि तो एक व्होल्टच्या वर गेला असेल तर वास येण्याची वाट न बघता प्लग-सॉकेटची जोडी बदलायची.